पानं मोजणारी दीदी

काकडीचं पान मोजायची एक रीत आहे. देठ जिथे पानाला मिळतो तिथपासून टोकापर्यंतची लांबी घ्यायची, मग पान सगळ्यात रुंद असेल तिथली रुंदी. पान ओढायचं नाही, चुरगळायचं नाही, ओल्या हाताने धरायचं नाही. दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि पुढच्या पानाकडे जायचं. ही रीत मी एका बाईला शिकवली आणि आठवडाभरात ती माझ्यापेक्षा चांगलं मोजायला लागली. तिच्याशी मी पुढे जे केलं ते एकदा लिहून टाकावं असं बरीच वर्षं मनात आहे, आणि तेवढीच वर्षं मी ते टाळत आलो. टाळण्यात मी लहानपणापासून हुशार.

राज्य नवं होतं आणि राजधानी त्याहून नवी. शहराबाहेर सहा-सहा पदरी रस्ते झाले होते आणि त्यांवर गाड्यांपेक्षा गायी जास्त बसलेल्या असत. त्या रस्त्यांच्या एका टोकाला आमच्या केंद्राचं पॉलीहाऊस होतं: प्लास्टिकच्या पांढऱ्या छताखाली दोरांवर चढवलेल्या काकडीच्या वेलींच्या रांगा. कार्यालय मात्र जुन्या शहरात, आमच्या ब्राह्मणपाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी कार्यालयात संगणकापुढे बसायचो आणि आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून पॉलीहाऊसला जायचो, म्हणजे जायला हवं होतं. जायला पाऊण तास लागायचा.

आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरकडून कारकुनीला इकडे आलं ते इथलंच झालं. लेखणीच्या कामात आपला हात कुणी धरणार नाही, असं घरात अभिमानाने सांगत. मी शेतकीची पदवी घेतली तेव्हा वडिलांना जरा धक्काच बसला होता. पण नोकरी संगणकावरची आहे आणि चिखलात उतरायचं नाही हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर माझाही.

माझं काम पीकवाढीच्या मॉडेलचं. नाव भारी, गोष्ट साधी. संगणकात एक काकडी लावायची. तिला ऊन, उकाडा आणि पाणी यांचे आकडे द्यायचे. ती वाढते, तिला पानं फुटतात, फुलं येतात, आणि ती सांगते की खऱ्या काकडीचा पहिला तोडा, म्हणजे पहिली काढणी, अमुक दिवशी होईल. पण संगणकातली काकडी आपल्याच नादात वाढत सुटू नये म्हणून तिला आठवड्यातून दोनदा खऱ्या वेलीच्या पानांची मापं दाखवावी लागतात. फरक दिसला की ती स्वतःला सावरून घेते. सगळा खेळ त्या मापांवर असतो.

मापं घ्यायला पॉलीहाऊसवर काम करणाऱ्या बायकांतली एक निवडली. वय चाळिशीच्या आसपास, शाळा पाचवीपर्यंत. शेजारच्या गावची. गावाची बरीचशी शेती नव्या शहरात गेली होती, घरामागची बाडी, म्हणजे परसातला मळा, तेवढी उरली होती आणि तिच्यात ती भाजी पिकवायची. मी तिला एक मोजपट्टी, एक जाड पुठ्ठ्याची वही आणि एक पेन्सिल दिली. पेन्सिल ती अंबाड्यात खोचायची. दहा वेलींना मी लाल फिती बांधल्या होत्या. त्या दहा वेलींची पानं मोजायची. तिने दुसऱ्याच दिवशी वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं. बाकीच्या बायका तिला आधी चिडवायला आणि मग खरोखरच 'नापवाली दीदी' म्हणायला लागल्या. मग मीही दीदीच म्हणायला लागलो. ती मला साहब म्हणायची.

हे आकडे जातात कुठे, असं तिने एकदा आपल्या छत्तीसगढीत विचारलं. मी तिला संगणकातली काकडी समजावून सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अउ ओला पानी कोन देथे, साहब?" त्या काकडीला पाणी कोण घालतं? मला इतकं हसू आलं की दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी तिची नक्कल करून तो किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. तो प्रश्न किती बरोबर होता हे तिथे कुणालाच कळलं नाही, आणि सगळ्यात उशिरा कळलं ते मला. त्या काकडीला पाणी घालायचं काम माझं होतं.

त्या पावसाळ्यात काकडी लावली ती तीजाचा हिशेब धरून. आपल्याकडे हरतालिका, इकडे तीजा. लग्न झालेल्या बायका माहेरी जातात, उपास करतात, आणि लगोलग गणपती बसतात. त्या आठ-दहा दिवसांत खिऱ्याला, म्हणजे काकडीला, बाजारात मोठा उठाव असतो. आसपासच्या काही शेतकऱ्यांनी आमच्या सल्ल्याने आपापल्या पॉलीहाऊसमध्ये त्याच दिवशी तेच बी लावलं होतं. आमचं मॉडेल जो दिवस सांगेल त्या दिवसासाठी ते गाडी ठरवणार होते आणि व्यापाऱ्याला शब्द देणार होते.

लावणीनंतर पहिल्या आठवड्यात मी दोनदा गेलो. मग झड लागली. सकाळी रेनकोट हातात घ्यायचो, दाराशी उभं राहून आभाळ पाहायचो आणि रेनकोट परत खुंटीला लावायचो.

"काहून रे, आज बी नाही गेला?" आई विचारायची.

"पाऊस पाहून नाही राहिली काय? अन् तिथं जाऊन मी काय करू? दीदी मोजून राहिली न."

ते खरंच होतं. दीदी मोजत होती. मला फक्त जाऊन वही आणायची होती आणि हवामानाच्या खांबावरच्या यंत्रातली नोंद उतरवून घ्यायची होती. पॉलीहाऊसच्या मधोमध एक खांब होता, त्यावर उकाडा आणि उजेड मोजणारी यंत्रं. तीन आठवडे मी गेलो नाही. पण दर सोमवारी आमच्या प्रमुखांना तक्ता द्यावा लागायचा.

पहिल्या सोमवारी मी मागच्या वर्षीचं, चांगल्या उन्हाचं हवामान टाकलं आणि पानांच्या मापाच्या रकान्यात मॉडेलनेच सांगितलेली मापं लिहिली. फक्त या आठवड्यापुरतं, असं स्वतःला सांगितलं. सगळी बेमालूम वाटावीत म्हणून एका पानाला थोडं कमी लिहिलं, एकाला थोडं जास्त. एका वेलीचं एक पान किडीने खाल्लं असंही लिहिलं. ती किडीची कल्पना मला फारच आवडली होती. दुसऱ्या सोमवारी हात सरावला. मी संगणकातल्या काकडीला तिचंच बोलणं परत ऐकवत होतो आणि ती आपली मान डोलवत होती. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही, आणि ती करायला शेतकीची पदवी लागते. अडाणी माणसाला ती सुचायचीच नाही.

आमचे प्रमुख अकोल्याकडचे. पन्नाशीचे, बोलायला मोकळे, माझ्यावर जीव असलेले. तिसऱ्या तक्त्यातला आलेख त्यांनी पाहिला आणि खुर्चीतून उठलेच.

"हे पाय! ठिपके कसे रेघेवर बसून राह्यले. बाहेरच्या लोकायचं मॉडेल असं बसत नाही रे. काय म्हणते तुही काकडी, तीजाच्या आधी तोडा होते काय?"

"होते, सर. पोळ्याच्या आदल्या दिवशी."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याच दुपारी त्यांनी शेतकऱ्यांना फोनवर तो दिवस सांगितला.

मधल्या काळात हरेली झाली. आपली आषाढी अमावास्या, दिव्याची अवस, तीच इकडची हरेली. त्या दिवशी घरी आई पितळेचे दिवे चिंचेने घासत होती आणि मी कणकेच्या गोड दिव्यांवर तूप ओतून खात होतो. तिकडे पॉलीहाऊसवर दीदीने काय केलं ते मला नंतर कळलं. हरेलीला नांगर, कुदळ, विळा, सगळी शेतीची अवजारं धुऊन त्यांची पूजा करतात आणि दारांवर कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात, इडापीडा बाहेर राहावी म्हणून. दीदीने फवारणीचा पंप धुतला, कात्र्या धुतल्या, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, आणि हवामानाच्या खांबावर, उजेडाच्या यंत्राशेजारी, लिंबाची एक डहाळी लाल दोऱ्याने बांधली.

झड थांबली आणि मी शेवटी गेलो तेव्हा ती डहाळी वाळून तपकिरी झाली होती. मी विचारलं तेव्हा दीदीने सगळं कौतुकाने सांगितलं. खांब पण शेताचंच अवजार ना, साहब, मग त्याला का सोडायचं? मला गंमत वाटली. मी हसून म्हणालो, "अच्छा करे, दीदी." हे माझे शब्द. चांगलं केलंस, असं मी तिला म्हणालो होतो. मग दोरा तसाच ठेवून डहाळी ओढून काढली आणि कोपऱ्यात ठेवली.

ती वही घेऊन आली. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार, एकही चुकलेला नव्हता. तिचे सातचे आकडे खाली वळायचे, बाकी अक्षर माझ्यापेक्षा नीट. मी तिथेच उभ्याउभ्या पानं उलटली. तिची मापं माझ्या मापांच्या फार खाली होती.

"दीदी, देठापासून घेतलं होतं ना?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

तिने अंबाड्यातून पेन्सिल काढली, लाल फितीच्या पहिल्या वेलीपाशी गेली, हात पदराला पुसला आणि माझ्यासमोर एक पान मोजून दाखवलं. मग दुसरं. मग मोजपट्टी माझ्या हातात दिली. मी मोजलं. तिचंच माप आलं.

"पाना पातर हे, साहब," ती म्हणाली. पान पातळ आहे. तीन आठवडे आभाळ भरलेलं, वेल नुसती उंच गेली, अंगात काही धरलं नाही. "तीजा ले लहुट के आहूँ, तब टूटही." मी तीजाहून परत येईन तेव्हा तोडा होईल.

ती वेळ होती. कार्यालयात जाऊन सरांना एवढंच सांगायचं होतं की सर, दिवस चुकलाय, शेतकऱ्यांना कळवू. अजून दोन आठवडे हातात होते. गाड्या पुढे ढकलता आल्या असत्या. सरांनी झापलं असतं, तेही दार लावून. पण मी तिला म्हणालो की संगणकाला सगळं कळतं, आणि वही पिशवीत टाकली. परत येताना सबंध रस्ताभर मी स्वतःला समजावत होतो की आता ऊन पडेल, वेली जोर धरतील आणि सगळं सावरलं जाईल. ऊन पडलंही, पण वेली आपल्या चालीनेच चालल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी आमच्या पॉलीहाऊसवर जमले. त्यांच्या वेलींवरही तेच होतं जे आमच्या वेलींवर: बोटाएवढ्या काकड्या, टोकाला सुकलेलं फूल चिकटलेलं. गाड्या ठरलेल्या, व्यापाऱ्याला शब्द गेलेला. त्यातला एक वयस्कर शेतकरी सगळ्यांच्या वतीने बोलला, आणि तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, हम तो अपने अंदाज से चलते थे. आपने कहा कंप्यूटर ज्यादा जानता है, तो हमने अपना अंदाज छोड़ दिया."

सर माझ्याकडे वळले. "बोल आता. मले काय पाहून राहिला?"

मी बोललो नसतो तर? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. पण मी बोललो. माझी नजर खांबावर गेली. लाल दोरा अजून तिथेच होता.

मी हिंदीत म्हणालो की हे उजेड मोजायचं यंत्र आहे, याच्यावरच सगळा हिशेब चालतो, आणि हरेलीला याच्यावर लिंब बांधला गेला होता. त्याची सावली पडली. आकडे बिघडले.

कुणी बांधला, हे मी सांगितलं नाही. इतकी अब्रू मी स्वतःची राखली. पण बायका भिंतीशी उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या माना आपोआप दीदीकडे वळल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर दुसऱ्याचं अंगण दाखवलं.

तिच्या माहेराहून भाऊ त्याच संध्याकाळी तिला न्यायला येणार होता. ती नवी साडी नेसून आली होती. तिने क्षणभर खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली जी मोजताना पडायची.

"छइहां परही त मसीन ह उजास ला कम बताही न, साहब?" तिने विचारलं. सावली पडली तर यंत्र उजेड कमी दाखवेल ना? मग संगणक खिरा उशिरा येईल असं सांगेल. त्याने तर लवकर सांगितलं.

तिथे पदव्या घेतलेले आम्ही दोघे होतो. शेतात जन्म काढलेले शेतकरी होते. त्या सगळ्यांत तिने एकटीने ते बोलून दाखवलं. सावलीने चूक झाली असती तर ती उलट्या बाजूला झाली असती. आणि तिला जे ठाऊक नव्हतं ते याहून वाईट: लिंबाची सावली ज्या नोंदीवर पडली ती नोंद मॉडेलने पाहिलीच नव्हती, कारण मी ती उतरवून आणलीच नव्हती.

"ये इतना सीधा नहीं होता, दीदी," मी म्हणालो.

एवढंच बोललो. आवाज मऊ ठेवला, समजूत घालावी तसा. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग मला दिसलं की तिने विश्वास ठेवला. आठी गेली. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली पाहून म्हणाली, "गलती होगे, साहब."

सर तिच्यावर ओरडले, मशीनला हात लावायला कुणी सांगितलं होतं म्हणून. त्यांनी शेतकऱ्यांची माफीही मागितली. शेतकरी गेले. त्या दिवसापासून मापाचं काम तिच्याकडून काढून घेतलं. मोजपट्टी तिने स्वतःच आणून टेबलावर ठेवली, पेन्सिलही. पेन्सिल उरलेली दोन बोटं होती.

रात्री जेवण उतरेना. "आज बोलून नाही राहिला?" आईने विचारलं. मी डोकं दुखतंय म्हणालो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

चार दिवसांनी मी सरांच्या खोलीत गेलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. पण मी "सर, तो लिंब" एवढंच म्हणालो आणि त्यांनी हात वर केला.

"मले समजत नाही असं नको समजू. सावली पडली त मॉडेल उशिराचं सांगते. ते बाई बी समजली, मी नाही समजीन?"

"मग तुम्ही काहून..."

"अन् काय सांगू त्यायले? आमच्या पोट्ट्यानं घरी बसून आकडे बनवले म्हणून? केंद्र बंद पडते राजा." ते खिडकीतून बाहेर पाहत होते. "तिले दुसरं काम देल्लं न. रोजी त चालू आहे. जाऊ दे आता."

मी जाऊ दिलं. मला वाचवलं जात होतं आणि मी गप उभा राहून वाचलो. याची लाज मला त्या दिवसापेक्षा नंतर जास्त वाटत गेली, हेही सांगून टाकतो. त्या दिवशी मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं.

तीजाहून दीदी परत आली आणि दोन दिवसांनी पहिला तोडा झाला. तिने सांगितलं होतं तसाच. तोड्याच्या वेळी ती तिथे नव्हती, मागच्या बाजूला खताच्या पाट्या उचलत होती. मी गेलो तर ती नेहमीसारखी "जय जोहार, साहब" म्हणायची. खांबाजवळून जावं लागलं तर लांबून वळसा घेऊन जायची, मूल तापलेल्या शेगडीपासून जातं तशी. दिवाळीच्या आधी ती यायची बंद झाली. बाकीच्या बायकांनी सांगितलं की आता ती बाडीतलंच पाहते.

तिची वही माझ्याकडे राहिली होती. एका रविवारी दुपारी मी कार्यालय उघडून बसलो आणि तिची सगळी मापं मॉडेलला दिली, पहिल्या सोमवारपासून. खांबावरून नंतर उतरवून आणलेलं खरं हवामानही दिलं. मॉडेलने दिवस सांगितला: तीजानंतर चौथा. खरा तोडाही त्याच सुमाराला झाला होता. मॉडेल चांगलं होतं, हीच तर पंचाईत. ते वाईट निघालं असतं तर मला त्याच्या आड लपता आलं असतं.

पुढे वर्षं गेली. सर निवृत्त होऊन अकोल्याला गेले, आई गेली. मी त्याच केंद्रात वर चढत गेलो. नव्या राजधानीतल्या रस्त्यांवर गाड्या आल्या. मी आता नवीन मुलांना शिकवतो आणि पहिल्याच दिवशी फळ्यापुढे उभा राहून सांगतो की आकडा शेतातून आणा, खुर्चीतून नाही. मुलं ते वाक्य लिहून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कुणी तरी उठून विचारावं की साहब, तुम्ही नेहमी आणलात का, अशी मला दर वर्षी भीती वाटते. अजून कुणी विचारलं नाही.

मागच्या हरेलीची गोष्ट. बायकोला दिव्याच्या अवसेसाठी भाजी हवी होती. मी पिशवी घेऊन आमच्या जुन्या शहरातल्या भाजीबाजारात गेलो. सकाळी पाऊस उघडला होता. भाजी विकणाऱ्या बायकांनी टोपल्यांच्या कडेला, तराजूच्या दांडीला, ताडपत्रीच्या बांबूंना लिंबाच्या ताज्या डहाळ्या खोचल्या होत्या. एका टोपलीला तेवढी नव्हती. मी वर पाहिलं तर दीदी. केस पांढरे झालेले, अंबाडा बारीक झालेला, पण मी तिला लगेच ओळखलं आणि तिने मला.

"जय जोहार, साहब! कतेक दिन होगे!" तिला मनापासून आनंद झाला होता. भाजी तिच्या बाडीतली होती. तिने स्वतःहून सांगितलं की ती अजून काकडीची पानं बघते, हाताने, पट्टी नसली तरी. मग माझ्या घरच्यांची विचारपूस केली. मी भेंडी निवडत होतो, आणि काही तरी बोलायचं म्हणून, मूर्खासारखा, बोलून गेलो.

"दीदी, तूने लीम नहीं खोंची?"

ती जरा हसली. सांगायला लाजावं तसं सांगितलं. त्या वर्षापासून ती कुठेच लिंब खोचत नाही, साहब. दाराला नाही, कुदळीला नाही, बाडीच्या फाटकाला नाही. सासू जिवंत होती तोवर सासू खोचायची, आता कुणीच नाही. आपल्या हाताने पुन्हा कुणाचं काही बिघडू नये. तेव्हा इतक्या लोकांचा माल थांबला.

माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. इतक्या हरेल्या. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग मी बोललो. भर बाजारात, शेजारच्या बायका ऐकत असताना, हिंदीत आणि मोडक्या छत्तीसगढीत. की लिंबाने काही झालं नव्हतं. की मी तीन आठवडे आलोच नव्हतो, घरी बसून आकडे लिहिले होते. की तिच्या वहीतले आकडे खरे होते आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. की ती वही अजून माझ्या कपाटात आहे. माझा आवाज कापत होता आणि ते मला आवडलं नाही, कारण त्याने तिला माझी दया आली असती.

तिला दया आली नाही. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर ती जुनी आठी पडली होती.

"त ओ दिन जउन पूछे रहेंव," ती सावकाश म्हणाली, "तउन सही रिहिस?"

त्या दिवशी मी जे विचारलं होतं, ते बरोबर होतं?

"हव," मी म्हणालो.

शेजारणीच्या टोपलीशी लिंबाचा एक भारा पडला होता. तिने वाकून त्यातली एक डहाळी काढली, तिची दोन किडकी पानं खुडून टाकली आणि ती आपल्या टोपलीच्या कडेला, वेताच्या विणीत, घट्ट खोचली. हात पदराला पुसले. माझी भेंडी तराजूत टाकली, तोलली, माझ्या पिशवीत ओतली. मागे गिऱ्हाइकं उभी होती.

"अउ का देवँव, भैया?" अजून काय देऊ, असं तिने विचारलं, त्यांनाही भैया म्हणून विचारते तसंच.

मी हिरव्या मिरच्या मागितल्या.